फक्त बोलण्याचा महिन्याचा पॅक मिळालाच पाहिजे!

फेब्रुवारी 2025



गेल्या बाजाराच्या दिवशी रिचार्जच्या दुकानात एक आजी आल्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, दोन नातवंडे त्यांच्याजवळ. आठ दिवस मुलाचा फोन नाही म्हणून जीव टांगणीला लागलेला. पॅक संपल्यामुळे इनकमिंग बंद पडले होते. आजींनी कनवटीची शंभराची नोट काढून बटणाच्या फोनसोबत काउंटरवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "आजी, शंभरात काही बसत नाही. ह्या कंपनीचा दोनशेच्या आसपासचाच पॅक आहे, नेटसकट." ज्या फोनवर नेट चालतच नाही, त्यासाठी नेटचे पैसे! आमच्या कार्यकर्त्याने उरलेले पैसे भरले. पण अशा किती जणींचे भरणार?

2018 च्या अखेरीस 28 दिवस सिम चालू ठेवायला 35 रुपये पुरत. एअरटेलचा किमान पॅक 2021 मध्ये 99, 2023 मध्ये 155 आणि जुलै 2024 पासून 199 वर गेला. जिओने त्याच महिन्यात 155 चे 189 केले. शिवाय यांचा महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज. ही उघड लूट आपण मुकाट्याने सोसत आलो, याची लाज वाटायला हवी.

23 डिसेंबर 2024 ला दूरसंचार नियामक ट्रायने नियम काढला: प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायलाच हवा. देशात सुमारे 15 कोटी लोक अजून साधे फोन वापरतात, हे ट्रायनेच मांडले आहे. कंपन्यांनी काय केले? जानेवारी 2025 मध्ये पॅक काढले, पण 84 दिवसांचे आणि वर्षाच्या आसपासचे. जिओ 448 आणि 1748, एअरटेल 469 आणि 1849. 2024-25 मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. मजुराने 448 एकदम कुठून आणायचे? या दरांनी, ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याचे जिओवर 336 दिवस 1748 मध्ये निघतात. ज्याच्याकडे नाहीत तो तेवढ्याच दिवसांसाठी 189 चे 12 रिचार्ज मारून 2268 मोजतो. हातात पैसा नाही म्हणून 520 रुपयांचा भुर्दंड!

काही शहाणे म्हणतात, कंपन्यांना 5जी साठी गुंतवणूक करावी लागते. करा की! आजींच्या बटणाच्या फोनकडून ती का वसूल करता? डिसेंबर 2024 अखेरच्या तिमाहीत एअरटेलला दर ग्राहकामागे महिन्याला 245 रुपये मिळाले, जिओला 203. उपाशी कोणी मरत नाही. "जिओभारतवर 123 चा पॅक आहे," हे उत्तरही ऐकवू नका. त्यासाठी आधी फोनच नवा घ्यावा लागतो. बीएसएनएलमध्ये जा म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या वाड्यांवर येऊन रेंज पाहावी.

ओरडून काही होत नाही, असे म्हणू नका. जिओ आणि एअरटेलचे वर्षाचे पॅक आधी 1958 आणि 1959 ला आले होते. बोंब झाली, ट्रायने तपासणी करू म्हटले आणि काही दिवसांत दर उतरले, जिओने मुदतही 336 दिवसांवर आणली तरी. याआधी वीजबिलांच्या दुरुस्तीसाठी आपल्याच कार्यकर्त्यांनी गावोगाव टेबले टाकली होती. तीच माणसे आताही उभी आहेत.

आता कामाला लागा. 198 वर फोन करून मासिक कॉल-पॅकची मागणी नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा; क्रमांकाशिवाय तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ते स्पष्ट केले आहे. तोवर ज्येष्ठांच्या सिममध्ये 20 रुपये शिल्लक राहू द्या. तेवढी शिल्लक असेल तर वापर नाही या कारणाने नंबर रद्द करता येत नाही. इनकमिंग मात्र त्याने सुरू होत नाही, हेही त्यांना समजावून सांगा.

ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात तीनच गोष्टी हव्यात: फक्त कॉल-एसएमएसचा पॅक, मुदत पूर्ण कॅलेंडर महिन्याची, दर नेटच्या पॅकपेक्षा कमी. प्रत दिल्लीला ट्रायकडे, एक खासदारांकडे आणि एक आमच्याकडे. बचत गटाच्या ताईंनी या कामात पुढे व्हावे. बटणाचे फोन कुणाच्या घरी आहेत हे त्यांनाच पक्के ठाऊक असते. पोरांनो, रील बघायचे थांबवून घरातल्या आजी-आजोबांच्या नावाने मासिक कॉल-पॅकच्या मागणीचा अर्ज आज रात्रीच लिहा आणि पुढच्या बाजारी आमच्या टेबलावर आणून द्या.