यंत्र आले, आता गुरुजींना मोकळे करा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मोठा टीव्ही किंवा संगणक आला की गावात काय काय होते, हे वाचकांना सांगायला नको. लोकवर्गणी जमते, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटतो, फोटो निघतात आणि 'आमची शाळा डिजिटल झाली' असा फलक फाटकावर लागतो. चांगली गोष्ट आहे. गावाने शाळेसाठी खिशात हात घालावा याहून चांगले काय? पण दोन वर्षांनी त्याच शाळेत जाऊन दोन साधे प्रश्न विचारायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. एक, तो टीव्ही चालू आहे का? दोन, तिसरीतल्या पोराला दुसरीचे पुस्तक वाचता येते का? पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणजे दुसऱ्याचेही 'हो'च येणार, असा आपला एक समज होऊन बसला आहे. हा समज खोटा आहे आणि त्याची किंमत आपली पोरे मोजतात.

शाळेत यंत्र येणे ही काही आजची गोष्ट नव्हे. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून लागत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळांनी ते पाहिले असतील. १९८७ साली खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे, असा तिचा हेतू होता. साहित्याच्या पेट्या आल्याही. पण काही मोडले तर भरून कोण देणार, या धास्तीने कित्येक ठिकाणी त्या कपाटात कुलूपबंद राहिल्या. बालचित्रवाणीची अडचण वेगळी होती. कार्यक्रम कधी लागायचा ते वरून ठरे. वर्गात त्या दिवशी बेरीज चालू असो की अपूर्णांक, टीव्ही आपला बोलत राही. पोराने मध्येच हात वर केला तरी तो थांबत नसे. २०१७ साली ही संस्था बंदच झाली.

आजच्या मोबाइलचे तसे नाही. तो थांबवता येतो, मागे नेता येतो, तीच कविता दहा वेळा ऐकवता येते. आणि मुख्य म्हणजे गुरुजींना किंवा बाईंना त्यावर स्वतःचे काही तयार करता येते. आपल्या गावच्या ओढ्यावरचा पाठ, आपल्या आठवडी बाजारातले हिशेब, आपल्याच पोरांच्या आवाजातल्या गोष्टी. खरा बदल हा आहे. पूर्वी यंत्र दुसऱ्या कोणाच्या हातात होते, आता ते वर्गातल्या शिक्षकाच्या हातात आले आहे.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. तो काळा-पांढरा चौकोन मोबाइलसमोर धरला की कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे, घरचा अभ्यास मिळे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पुढे राज्याच्या छापील पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. २०१७ च्या सप्टेंबरात केंद्राचे 'दीक्षा' सुरू झाले. पुस्तकातला कोड आता तिथे उघडतो.

आता जरा विचार करा. एका वाडीतल्या शिक्षकाने तयार केलेला कोड आणि राज्यभर छापून गेलेला कोड, दिसायला दोन्ही सारखेच. पण ज्याने तो स्वतः तयार केला, त्याच्या डोळ्यांसमोर त्याची पोरे होती. कोणाचे कुठे अडते, कोणाच्या घरी मोबाइल आहे, कोणाचे आईबाप अंधार पडल्यावरच शेतातून येतात, हे त्याला माहीत होते. छापील कोडाला हे माहीत असणार नाही. म्हणून तो नुसता पुस्तकात असून भागत नाही. तो उघडणारा, थांबवणारा आणि 'काय कळलं सांग बघू' असे विचारणारा कोणी तरी समोर लागतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. पाटाने पाणी दिले की पहिले वाफे तुडुंब भरतात आणि टेकाडावरचा वाफा कोरडा राहतो. आपल्या वर्गांत वर्षानुवर्षे असेच पाटपाणी चालले. गुरुजी एक धडा सगळ्यांना मिळून सांगत. पुढच्या रांगेतली चार पोरे भरून निघत, मागच्यांपर्यंत ओल पोचत नसे. त्यात गुरुजींचा दोष थोडा, पद्धतीचा फार. सांगणे हेच काम सगळा वेळ खाऊन टाकी. आता सांगण्याचे बरेचसे काम यंत्र करू शकते. मग गुरुजींना ठिबकासारखे प्रत्येक रोपाच्या मुळाशी जाता येते: ही मुलगी हातचा घ्यायला विसरते, तो मुलगा जोडाक्षरापाशी अडखळतो, तिसरा ऐकून सांगतो छान पण वाचत मात्र काहीच नाही. हे पाहणे आणि त्यावर तोड काढणे, हे शिक्षकाचे नवे काम. मात्र ठिबक बसवले म्हणजे पीक आले असे होत नाही. फिल्टर धुवावा लागतो, तुंबलेल्या नळ्या मोकळ्या कराव्या लागतात, रोज शेतात फेरी मारावी लागते. ते न केलेले ठिबक आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बांधावर गुंडाळून पडलेले पाहिले आहे.

खेड्यातल्या दोनशिक्षकी शाळेत हा बदल सगळ्यात उपयोगी पडतो. तिथे चार किंवा पाच इयत्ता आणि शिकवणारे दोघे. एकाला एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. चौथीची मुले वीस मिनिटे 'आपले शरीर' पडद्यावर पाहत असतील, तर तेवढ्यात बाई पहिलीच्या पोरांना जवळ घेऊन बाराखडी गिरवून घेऊ शकतात. नंतर त्या चौथीकडे वळतात, चित्रफीत थांबवतात आणि पाहिलेले पोरांच्या तोंडून वदवून घेतात. त्या वीस मिनिटांत बाई कोणाजवळ होत्या, यावर यंत्राचा उपयोग ठरतो. टीव्ही लावून खुर्चीत बसून स्वतःच्या मोबाइलमध्ये डोके घालणारे गुरुजीही आहेत, हे नाकारून चालणार नाही. त्यांच्या वर्गात भारीतला भारी पडदा लावला तरी पोरांना करमणुकीपलीकडे काही मिळत नाही.

कल्पकतेला वीज लागतेच असेही नाही. कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. पोरे गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असा तो सरळ विचार होता. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार उभे करायला शिकवले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून ते कचऱ्यातून विज्ञान शिकवीत राहिले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांचे नाव राज्यभर झाले ते फरशीवर रंगवलेले तक्ते आणि खडे, मणी, बिया यांच्या जोरावर. ते पाहायला दूरदूरहून शिक्षक येत. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते: आपल्यापुढच्या पोराकडे पाहून शिक्षकाने स्वतः डोके चालवले. मोबाइल हे त्याच्या हातातले आणखी एक अवजार, इतकेच.

शिक्षकाशिवाय नुसते यंत्र काय करते, याचा दाखला करोनाने दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि लहान पोरांच्या शाळा दीड वर्षाहून अधिक काळ नीट उघडल्या नाहीत. 'असर' या पाहणीचे देशाच्या ग्रामीण भागाचे आकडे पाहा. २०१८ साली शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता; २०२२ साली ७४.८ टक्क्यांच्या घरी आला. म्हणजे दुपटीहून जास्त. याच काळात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरली. फोन वाढले, वाचणारे घटले. शाळा उघडल्या, पायाभूत वाचनावर भर दिला गेला, तेव्हा २०२४ साली हा आकडा पुन्हा २७.१ वर आला. म्हणजे सहा वर्षांनी आपण होतो तिथेच पोचलो, तेही शंभरातली सत्तावीस पोरे! बंदीच्या काळात ज्यांनी वाड्या-वस्त्यांवर चालत जाऊन झाडाखाली पाच-सहा पोरे बसवली, त्या शिक्षकांचे मोल या आकड्यांतून कळते.

आता तर प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम मोबाइलवर आले आहेत. सातवी-आठवीतले पोर निबंध त्याच्याकडून लिहून आणील, गणितही सोडवून आणील. गुरुजींनी वही पाहून बरोबरची खूण करायची, हा जुना रिवाज आता निकामी झाला. 'हे उत्तर कसं आलं, फळ्यावर करून दाखव', 'निबंधातला हा शब्द कुठला, अर्थ सांग' असे विचारावे लागेल. त्या कार्यक्रमाने सांगितलेले चुकीचेही असू शकते, हे पोरांना पडताळून पाहायला शिकवावे लागेल. त्याला शिक्षक पूर्वीपेक्षा जास्त तयारीचा हवा आणि त्याला वेळही जास्त हवा.

नेमके इथेच घोडे पेंड खाते. ज्या मोबाइलने शिक्षकाचे सांगण्याचे काम हलके करायचे, त्याच मोबाइलने त्याच्या मागे दुसरे शुक्लकाष्ठ लावले आहे. पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन हजेरी, यू-डायसची माहिती, निरनिराळ्या मोहिमांचे फोटो, आणि 'आजच्या आज पाठवा' म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारे निरोप. रेंज नसली की गुरुजी शाळेमागच्या उंचवट्यावर मोबाइल धरून उभे, आणि वर्गात पोरे मोकाट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. कागदावर कायदा स्पष्ट आहे. पण शाळेचीच माहिती भरण्यात तास गेले तर त्याची दाद कुठे मागायची? वृक्षारोपणाचा फोटो वेळेत गेला का, हे वरून विचारले जाते. पोरगी वाचायला लागली का, हे मात्र त्या निकडीने कोणी विचारत नाही.

म्हणून गावाने काय करावे, ते स्पष्ट सांगतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती सह्यांपुरती ठेवू नका. वर्षातून दोनदा तिने प्रत्येक वर्गातल्या पोरांना पुस्तकातला एक उतारा वाचायला लावावा आणि किती जणांना आला तो आकडा ग्रामसभेत मोठ्याने सांगावा. यात गुरुजींची उलटतपासणी नको. कोणाला जास्त मदत लागते, ते गावाला कळावे म्हणून हे करायचे.

दुसरे, टीव्हीला वर्गणी देताना पुढच्या तीन वर्षांच्या वीजबिलाची आणि दुरुस्तीची तजवीज त्याच बैठकीत करा. बिल थकले, जोडणी तुटली आणि पडद्यावर धूळ बसली, हे चित्र काही अपूर्वाईचे राहिलेले नाही. ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात शाळेच्या देखभालीची तरतूद करून घ्यावी. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे गावच्या तोंडी अजून ग्रामसेवकच, यांनी मनावर घेतले तर हे होण्याजोगे आहे.

तिसरे, माहिती भरण्याच्या कामात गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी शाळा सुटल्यावर अर्धा तास हातभार लावावा. जी नोंद गुरुजींनीच करायची तिला इलाज नाही, पण फोटो काढणे, याद्या जुळवणे, नादुरुस्त संगणक चालू करणे त्यांना सहज जमेल. आणि केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांनी शाळेच्या वेळेत माहिती मागवू नये, असा ठराव ग्रामसभेने करून पंचायत समितीकडे पाठवावा. एका गावाचा ठराव फायलीत जाईल. पन्नास गावांचे गेले तर त्याची दखल घ्यावी लागेल.

चौथे, गुरुजी आपले डोके चालवून काही नवे करू पाहत असतील, पोरांना बांधावर नेत असतील, बाजारात हिशेब करायला लावत असतील, तर 'पोरं शाळा सोडून हिंडतात' म्हणून तक्रार करू नका. जाऊन पाहा, विचारा. शेतातल्या माणसाकडे शिकवण्यासारखे पुष्कळ असते, त्याने एखादा तास वर्गात येऊन बियाणे निवडणे किंवा पावसाची मोजणी सांगितली तरी बाईंना हवेच असते.

पैसेवाल्याचे पोर तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जाते. मागे राहतात ती अल्पभूधारकाची, शेतमजुराची, ऊसतोडीला जाऊन परत आलेल्यांची पोरे. त्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत. त्यांच्यासाठी शाळेतले ते पाच-सहा तासच काय ते शिक्षण. त्यातला एक तास जरी माहिती भरण्यात गेला, तरी तो त्या पोराला पुन्हा मिळत नाही. पडद्यासाठी गावाने वर्गणी दिली, आता गुरुजींच्या या तासांची राखणही गावानेच करायची आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, गटार, पाणी यांच्या जोडीला हा विषय सरपंचांनी घ्यावा.