विश्लेषण : ‘बायोलॉजी घेतले म्हणजे गणित सुटले’ हे खरे का?

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक सल्ला हमखास मिळतो : ‘डॉक्टर व्हायचेय ना? मग गणित सोडून दे.’ हिशेब सरळ आहे. ‘नीट’मध्ये गणिताचा पेपर नसतो आणि अकरावीला ‘पीसीबी’ गट घेतला की गणिताशिवाय भागते. परीक्षेपुरता हा हिशेब बरोबर आहे. पण त्यातून ‘सजीवांच्या विज्ञानाला गणित लागत नाही’ असा जो समज रुजतो, तो साफ चुकीचा आहे. मेंदू आणि हृदयाचे काम ज्या शोधामुळे नीट उलगडले, तो शोधच मुळात समीकरणांत मांडलेला आहे.

प्रश्न काय होता?

बोटाला चटका बसला की संदेश मज्जातंतूतून मेंदूकडे धावतो. हा संदेश विजेचा असतो, हे माहीत होते. तो तयार कसा होतो, हे माहीत नव्हते. ब्रिटनमधील ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यासाठी स्क्विड, म्हणजे आपल्याकडची माकूळ, निवडली. तिचा एक मज्जातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्याच्या आत तार सरकवून विद्युतदाब मोजता येतो. हा दाब कृत्रिमरीत्या स्थिर ठेवून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन पेशीच्या पटलातून किती आणि केव्हा ये-जा करतात, याची त्यांनी नोंद घेतली.

गणिताने काय केले?

या नोंदींवरून दोघांनी चार डिफरन्शियल इक्वेशन मांडली. एखादी गोष्ट क्षणाक्षणाला किती वेगाने बदलते, हे अशी समीकरणे सांगतात. खरी कसोटी पुढे होती. दाब स्थिर ठेवून मिळवलेली ही समीकरणे मोकळ्या मज्जातंतूतून धावणारा संदेश स्वतःहून दाखवतील का?

केंब्रिज विद्यापीठाचा संगणक त्या वेळी दुरुस्ती-बदलांसाठी बंद होता. हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सुमारे तीन आठवडे आकडेमोड केली. संदेशाच्या वेगाचा एक अंदाज धरायचा आणि गणित पुढे न्यायचे. अंदाज चुकला की उत्तर भलतीकडे, थेट अनंताकडे पळायचे. मग नवा अंदाज! अखेर उत्तर आले : सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. हे काम १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

गणित म्हणेल ते सगळे खरे का?

नाही, आणि हे त्या दोघांनीच बजावले होते. समीकरणे जुळली म्हणून आतली यंत्रणा आपण कल्पिली तशीच आहे असे सिद्ध होत नाही, असे त्यांनी शोधनिबंधातच नमूद केले. पुढे तसेच घडले. पोटॅशियमच्या समीकरणात एक राशी चार वेळा गुणलेली होती आणि पोटॅशियमची वाट चार घटकांची बनलेली असल्याचे नंतर दिसले. सोडियमसाठी मात्र मांडणी तीन आणि एक अशी होती, तर तिथल्या प्रथिनातही चार सारखे भाग निघाले. गणित म्हणजे काही दिव्यदृष्टी नव्हे. नेमके कुठे शोधायचे, एवढे ते सांगते. पण प्रयोगशाळेत तेवढ्यानेच अर्धी लढाई जिंकता येते.

आज त्याचा उपयोग काय?

डेनिस नोबल यांनी १९६२ मध्ये हीच समीकरणे बदलून हृदयाच्या पेशींना लावली. नव्वदच्या दशकात टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध अमेरिकेच्या बाजारातून गेले, कारण विशिष्ट परिस्थितीत ते हृदयाचा ठेका जीवघेण्या रीतीने बिघडवत असे. हृदयपेशीतली पोटॅशियमची एक वाट ते अडवते. असा धोका आधीच ओळखण्यासाठी आता हृदयपेशींची संगणकीय प्रारूपे वापरली जातात. त्यांची मुळे १९५२च्या त्या चार समीकरणांत आहेत.

अकरावीच्या वर्गाशी याचा संबंध काय?

हॉजकिन जीवशास्त्राकडून आले. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस, असा सल्ला त्यांना प्राणिशास्त्राच्याच शिक्षकाने दिला होता. हक्सली भौतिकशास्त्राकडून आले. केंब्रिजमध्ये आणखी एक विषय घेणे भाग होते, म्हणून त्यांनी शरीरक्रियाशास्त्र घेतले. दोघांपैकी कुणालाही सोळाव्या वर्षी ‘हे किंवा ते’ असे कायमचे बजावले असते, तर ही जोडी जमणे अवघड होते.

आपल्याकडे नेमके हेच बजावले जाते. ‘नीट’ देणाऱ्या मुलांवर गणिताचा आणखी एक पूर्ण पेपर लादा, असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्यावरचे ओझे आधीच पुरेसे आहे. शिवाय प्रत्येक डॉक्टरला समीकरणे सोडवावी लागत नाहीत. मात्र औषधाची मात्रा रक्तातून किती वेगाने उतरते, साथ किती वेगाने पसरते, चाचणीच्या निकालावर किती विसंबायचे, हे समजण्याइतके गणित त्याला हवेच. बदलाचा दर, आलेख आणि संख्याशास्त्र एवढाच, जीवशास्त्रातल्या उदाहरणांवर बेतलेला छोटा अभ्यासक्रम ‘पीसीबी’ गटाला देणे अशक्य नाही. त्यासाठी स्पर्धा परीक्षेची भीती दाखवण्याचीही गरज नाही.

गणित सोडण्याचा निर्णय आज अनेक मुले आवडीनिवडीवरून नव्हे, तर गुणांच्या हिशेबावरून घेतात. पुढे संशोधनाकडे वळताना, रिकामी राहिलेली ती दोन वर्षे भरून काढायला त्यांना कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. ही किंमत आधी कुणी सांगत नाही. निदान सल्ला देणाऱ्यांनी तरी ती सांगायला हवी.