‘मुंबई भरली’ ही थाप आहे

‘मुंबई आता भरली, बाहेरच्यांनी यायचं थांबवा.’ हे वाक्य तुम्ही टीव्हीवरच्या चर्चेत ऐकलं असेल, सभांमध्ये ऐकलं असेल, आता तर रील्समध्येही येतं. बोलणाऱ्याच्या डोक्यातले ‘बाहेरचे’ बहुतेक वेळा यूपी-बिहारचे असतात. पण लोकलच्या दारात चिडलेल्या माणसाला गोंदियाचा पोरगाही बाहेरचाच वाटतो.

जरा आकडे बघा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 19.8 लाखांवरून 1 कोटी 24.4 लाखांवर गेली. वाढ चार टक्क्यांच्याही आत. त्याच दहा वर्षांत आमचा गोंदिया जिल्हा 12 लाखांवरून 13 लाख 22 हजारांवर गेला, म्हणजे दहा टक्के. टक्क्यांत मोजलं तर धानाच्या बांध्यांचा हा जिल्हा मुंबईपेक्षा जोरात वाढला! मुंबईत जन्म आणि मृत्यू यांच्यातल्या फरकानेच याहून जास्त वाढ व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचा अर्थ त्या दशकात मुंबईत आलेल्यांपेक्षा मुंबई सोडून गेलेले जास्त होते.

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा जुना शहर जिल्हा तर चक्क आटला. 2001 मध्ये तिथे 33.4 लाख लोक होते, 2011 मध्ये 30.9 लाख. अडीच लाख माणसं गायब. 1981 मध्येसुद्धा तिथे याहून जास्त माणसं राहत होती. (2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून अजून याच आकड्यांवर भांडावं लागतं. आपल्या देशात माणसं मोजायचं काम वर्षानुवर्षं लांबू शकतं, यावर वेगळा लेख होईल.)

गेलेले गेले कुठे? तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची वाढ बघा: 36 टक्के. वसई-विरार 2011 मध्येच 12 लाखांच्या पुढे गेलं होतं. डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण आपल्या ओळखीतलं मुंबईत नोकरी करणारं कोणी ना कोणी तिथेच राहतं. नोकरी मुंबईत, झोप जिल्ह्याबाहेर.

हे आपोआप झालं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. 1991 च्या नियमांत त्या जमिनींच्या वाटण्या ठरल्या होत्या: एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक सरकारी घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये नियम असा बदलला, की वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीची व्हायची, इमारतींखालच्या जमिनीची नाही. गिरण्यांच्या आवारात रिकामी जमीन असते तरी किती? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हा बदल कायम ठेवला. परळ-लोअर परळला आज काचेचे टॉवर आणि मॉल दिसतात, त्यामागे हा एका ओळीचा बदल आहे. चाळीतला माणूस विरारला गेला आणि त्याचा पोरगा त्याच परळला, त्याच टॉवरमध्ये, लोकलने लटकत कामाला येऊ लागला.

आता सगळ्यात चीड आणणारा आकडा. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी होती. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालानेही हा आकडा दिला आहे. आमच्या जिल्ह्यातली सगळी माणसं, तिरोड्यापासून देवरीपर्यंत, बायकापोरांसकट त्या घरांत भरली असती, तर एका घरात तीनसुद्धा आली नसती. त्याच शहरात त्याच वर्षी 52 लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. कुलूपबंद घरांपैकी काही विकायची असतील, काही वारसांच्या भांडणात अडकली असतील, मान्य. पण इतकी घरं रिकामी असताना शहर ‘भरलं’ म्हणायला तोंड धजतं कसं?

भरली आहे ती लोकल. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून ऑफिस धरून जाण्यायेण्यात रोज चार तास गेले, आणि वर्षाचे 300 दिवस काम केलं, तर 1,200 तास होतात. म्हणजे वर्षातले 50 दिवस, रात्रींसकट, गर्दीत उभं राहण्यात गेले. आपल्याकडे नागपूरला अप-डाउन करणारे असतात, त्यांना हे समजेल, पण त्यांना निदान खिडकी कधी तरी मिळते. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, त्यातले काही मेले. लगेच बंद दाराच्या गाड्यांची घोषणा झाली. ही माणसं इतक्या लांब राहायला का गेली, हा प्रश्न त्या आठवड्यात फारसा कोणी विचारला नाही.

आणि आमची बाजू. तिरोड्यात 3,300 मेगावॅटचं वीज केंद्र आहे. तिथली वीज राज्यभर न्यायला शेकडो किलोमीटर तारा ओढल्या गेल्या. उलट दिशेने, राज्याच्या राजधानीतून इकडे, काम ओढून आणायचं म्हटलं की अंतर आडवं येतं. धान कापून झालं की पोरं नागपूर, हैदराबाद, पुण्याची गाडी धरतात. विदर्भ एक्सप्रेसमध्ये दुपारी बसलेला दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटीला उतरतो, आणि तिथे त्याला सांगतात की गर्दी तुझ्यामुळे झाली. हा न्याय कुठला?

आमच्या जिल्ह्यातही एक गोरेगाव आहे, तालुक्याचं ठिकाण. त्या गोरेगावचा पोरगा मुंबईच्या गोरेगावात खोली शोधतो, भाडं ऐकतो, आणि शेवटी नालासोपाऱ्यात चौघांत एक खोली घेतो. ऑफर लेटरवरचा पगार बघताना तिकीट-पासचे पैसे सगळे मोजतात, तास कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा. आणि मत मागायला येणारा ‘मुंबई भरली’ म्हणाला, तर त्याला तीन गोष्टी विचारा: वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटवर जादा कर लावणार का? कामाच्या जागेजवळ, पगारात परवडतील अशी भाड्याची घरं सरकार बांधणार का? आणि गोंदियात काय आणणार?

2027 च्या जनगणनेतही घरं मोजली जातील, राहती वेगळी आणि रिकामी वेगळी. त्या 4.8 लाखांचं काय झालं, ते तेव्हा कळेल.