कॉफीचा साबण : वर्ण आणि गंध

ताथवडे येथील आमच्या घरीं गेल्या श्रावणांत सूनबाईंनीं कॉफीचा साबण करावयास घेतला. घाई आमचीच, कॉफी निवण्यापूर्वींच आम्हीं तींत दाहक सोडा टाकला. मिश्रण उसळून ओट्यावर आलें, उग्र दर्प सुटला आणि तो पाहावयास नातवंडें धांवलीं! सुदैवानें कोणास भाजलें नाहीं.

दुसरे खेपेस मुलांना माडीवर धाडलें. हातमोजे व चष्मा चढविला. खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाण्याचें तेल २०० ग्रॅम, सोडा ७८ ग्रॅम आणि बिनदुधाची, बिनसाखरेची दाट कॉफी १८० ग्रॅम, असें सर्व तोलून घेतलें. बर्फासारख्या गार कॉफींत सोडा थोडा थोडा घालावा. सोड्यावर कॉफी कधींही ओतूं नये. ॲल्युमिनियमचें भांडें वर्ज्य. द्रावण निवल्यावर तेलांत मिसळून धिरड्याच्या पिठाइतकें दाट होईपर्यंत घोटावें.

न्यायशास्त्रांत पाकानें द्रव्याचे गुण पालटतात असें म्हटलें आहे, त्याचा येथें प्रत्यय येतो. सोड्यापुढें कॉफीचा गंध टिकत नाहीं, तपकिरी वर्ण मात्र राहतो. म्हणून वासासाठीं कॉफी वाढविणें व्यर्थ. रंग गडद हवा तर वस्त्रगाळ पूड एक चमचा पुरे. अधिक घातल्यास पंचास डाग पडतात. व्हॅनिलाच्या सुगंधानेंही वडी काळवंडते.

वड्या सहा आठवडे वाळविल्यावर तो दर्प गेला. सूनबाई किंचित् हिरमुसल्या; पण वर्ण साधला, मुलें सुखरूप राहिलीं. कॉफीचा गंध पेल्यांतच घ्यावा, हें बरें!