घडाची तपासणी होते, हाताची कधी?



पावसाळा सरला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची आपली माणसं खाली दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला उतरतात. छाटणी, विरळणी, घड बुडवणं, फवारणी, सगळं आपल्याच हातांनी होतं. आता तीच औषधं वर डोंगरात, आपल्या वनहक्काच्या प्लॉटवर येऊ लागली आहेत. त्यातल्या एकाबद्दल आम्हाला बोलायचं आहे. त्याचं नाव फॉस्फोनेट. दुकानात ते फोसेटिल ॲल्युमिनियम म्हणून किंवा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात मिळतं.

हे औषध केवड्यावर चालतं, भुरीवर चालत नाही. पानावर मारलं तरी मुळापर्यंत उतरतं, परत शेंड्याला चढतं. फोसेटिल झाडात लवकर फुटतं, पण त्यातून तयार झालेलं फॉस्फोनिक आम्ल वेलीच्या लाकडात टिकून राहतं. म्हणून एका हंगामाचं औषध पुढच्या हंगामाच्या फळातही सापडू शकतं.

ते मोजायचं तर वेगळी तपासणी लागते. एकाच वेळी शेकडो औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत हे पकडलं जात नाही, कारण ते पाण्यात फार विरघळतं. युरोपात द्राक्षाच्या एका किलोत हे किती मिलिग्रॅम चालेल, याची मर्यादा ठरलेली आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट नावाच्या दुसऱ्याच एका रसायनामुळे आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा केवढा गहजब झाला! खाणाऱ्याची काळजी घ्यावी, त्याला आमची ना नाही. पण घडाचा मिलिग्रॅम मोजणाऱ्यांनी औषध कालवणाऱ्याचे डोळे कधी तपासले?

उगाच भीती घालायची नाही. हे औषध बाजारातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी नाही. पण फोसेटिल डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे आणि वैद्यकीय तपासणी लिहिलेली आहे. बागेवर मात्र तोंडाला फडकं बांधलं की झालं!

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. फॉस्फोनेट कुठे कुठे ‘स्फुरदाचं खत’ म्हणून गळ्यात मारलं जातं. ही फसवणूक आहे. पिकाला स्फुरद लागतो तो फॉस्फेटच्या रूपात. फॉस्फोनेट पीक आत घेतं, पण खत म्हणून वापरू शकत नाही. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू फॉस्फेट करतात, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर पीक उपाशी. माती परीक्षणाच्या कागदावरही ते दिसत नाही, कारण तिथं फक्त फॉस्फेट मोजतात. ज्या जमिनीसाठी आपण मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, तिथं काय पडतंय हे दुकानदारानं ठरवायचं का?

कुणी म्हणेल, बागायती करायचीच नाही का? करा की. आदिवासीनं जन्मभर नागली-वरईच पिकवावी, असं आमचं म्हणणं नाही. पण औषध रोग ओळखून, वेष्टनावरच्या पिकासाठी, तिथं लिहिलेल्या मात्रेनं वापरावं. तांब्याच्या औषधात, म्हणजे बोर्डोत वगैरे, फोसेटिल मिसळू नये, पानं करपतात. आणि माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा असेल, तर फॉस्फोनेटला हातच लावू नये. वेगळी तपासणी झाली की ते सापडतं, आणि मग सगळ्या गटाचं नाव जातं.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. फवारणी करणाऱ्या मजुराला हातमोजे, चष्मा आणि कपडे मालकानं द्यावेत. हंगामात तपासणी व्हावी, तिचा खर्च मजुरीतून कापू नये.

2. खताच्या नावाखाली बुरशीनाशक विकणाऱ्यांवर कृषी खात्यानं कारवाई करावी.

3. तपासणीचा अहवाल बागेत काम करणाऱ्यांनाही मराठीत वाचून दाखवावा.

आणि एक काम आपलं. वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. झऱ्या-ओहोळावर पंप धुवायचा नाही, असा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या. जमीन आपली म्हणायची, तर तिची राखणही आपलीच.