रात्रभराचा संसार
नवरा-बायकोच्या दीर्घ संसाराची गोष्ट भंडारा जिल्ह्यात चित्रपटाच्या पडद्याइतकीच झाडीपट्टीच्या रंगमंचावर रंगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरू लागते, धान घरात येते, हातात चार पैसे खुळखुळतात आणि गावोगाव नाटकांचा हंगाम सुरू होतो. बऱ्याच नाटक मंडळ्यांचा मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला. तिथून त्या साकोली-लाखांदूरकडच्या गावांपर्यंत पोचतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा अनेकदा पहाटेच पडतो आणि संसारी नाटकाला ही लांबी मानवते. लग्न, सासुरवास, दारू, संशय, ताटातूट आणि उतारवयातला समेट एवढा पल्ला गाठायचा, मध्ये विनोदी पात्राला आणि गाण्यांनाही जागा द्यायची, तर दोन तास अपुरेच. चित्रपटाला मात्र निवड करावी लागते. गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’ (२०१३) या चित्रपटाने संसाराचे शेवटचे टोक धरले: पत्नी मृत्यूशी झुंजत असताना निवृत्त शिक्षक तिच्या उपचारांच्या पैशांसाठी वणवण करतो. या भूमिकेसाठी विक्रम गोखले यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झाडीपट्टीतला अभिनय याहून भडक, रडणे मोठ्याने, योगायोग ढीगभर. शहरी समीक्षक त्यावर नाक मुरडतात, पण संसारातली रोजची भांडणे हे नाटकच अधिक मोकळेपणाने दाखवते.