रिझल्ट गेला, ओळी उरल्या!

'लोड' हा शब्द आमच्या कुंडलमध्ये कुणाला शिकवावा लागत नाही. लोडशेडिंगने तो लहानपणीच शिकवला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर शिकवला. इंजिनिअरिंगला आल्यावर तिसरा अर्थ कळला, लोड टेस्ट! आपल्या सॉफ्टवेअरवर एकाच वेळी शेकडो खोटे वापरकर्ते सोडायचे आणि ते कुठं दम टाकतं ते बघायचं.

आमचा प्रोजेक्ट होता दूध संस्थेच्या हिशेबाचा. दहा दिवसांचं बिल निघालं की सगळे सभासद एकदमच बघायला येणार. म्हणून २०० वापरकर्ते, एक तास, अशी टेस्ट घरी रात्री जेमीटरवर लावली. सर्व्हर पार्टनरच्या लॅपटॉपवर, जेमीटर माझ्या जुन्या पीसीवर. ४७ व्या मिनिटाला पीसी गारठला. माऊस हलेना, की-बोर्ड ऐकेना. शेवटी बटण दाबून बंद केला. पुन्हा चालू केला तर पडद्यावरचे सगळे ग्राफ गायब! आणि सकाळी सबमिशन.

पार्टनर म्हणाला, "टेन्शन कशाला घेतोस? सरासरी साधारण माहीत आहे की. बाकीचं मॅनेज करू." त्याला तरी काय बोलणार? फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबपासून आपण सगळे 'उत्तर आधी, रीडिंग नंतर' हेच तर करत आलोय!

पण मला आठवलं ते गावातलं दूध संकलन केंद्र. तिथं बिल दहा दिवसांनी निघतं, नोंद मात्र रोज, माप पडल्या पडल्या होते. बिलाचा कागद हरवला तरी नोंदींवरून पुन्हा काढता येतो. ग्राफ म्हणजे बिल. नोंदी कुठायत ते शोधायला हवं.

सुदैवाने टेस्ट लावताना रिझल्टच्या फाईलचं नाव दिलं होतं. त्या फाईलमध्ये प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ असते : वेळ, लागलेले मिलिसेकंद, पास की नापास. आधी तिची कॉपी केली, मूळ फाईलला हात लावला नाही. शेवटची ओळ मध्येच तुटली होती. कॉपीतून ती काढली आणि जेमीटरला उरलेल्या फाईलवरून रिपोर्ट बनवायला सांगितला. ग्राफ परत आले!

आनंद फार टिकला नाही. सर्व्हरचा लॉग उघडला, तर त्यात आमच्या फाईलनंतरच्याही रिक्वेस्ट होत्या. जेमीटर ओळी आधी मेमरीत साठवतं आणि मग फाईलमध्ये टाकतं, त्यामुळे शेवटचा घास तोंडातच राहिला. (ऑटोफ्लश चालू केलं तर हे नुकसान कमी होतं. वीजच गेली तर त्याचीही खात्री नाही.) त्याहून मोठी गोम पुढे आहे. रिक्वेस्ट पूर्ण झाल्याशिवाय ओळ लिहिलीच जात नाही. म्हणजे गारठण्याच्या क्षणी ज्या लटकून होत्या, त्या फाईलमध्ये नाहीतच. आणि जास्त वेळ लटकतात कोण? सगळ्यात हळू असणाऱ्या! वाचलेली फाईल ही खऱ्यापेक्षा देखणी असू शकते. उलट शेवटच्या मिनिटांत माझा पीसीच धापा टाकत होता, त्यामुळे तिथला उशीर सर्व्हरचा की माझा, हेही सांगता येईना.

म्हणून माझं मत असं की क्रॅशनंतर फाईल वाचवणं हे अर्धं काम आहे. काय वाचलं नाही ते लिहिणं हे उरलेलं अर्धं. आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलं : टेस्ट ६० मिनिटांची ठरली होती, ४७ व्या मिनिटाला थांबली, शेवटची मिनिटं हिशेबात धरलेली नाहीत. कारणही लिहिलं. प्रत्येक उत्तर पडद्यावर दाखवायचा हट्ट आम्ही धरला आणि मेमरी भरली. खरं तर जेमीटर सुरू होतानाच बजावतं की लोड टेस्ट खिडकीतून नको, कमांड लाईनवरून चालवा. वाचतंय कोण? सबमिशननंतर तशीच पुन्हा चालवली, ६० मिनिटं पूर्ण झाली.

कुणी म्हणेल, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एवढं कशाला? २०१७ साल आठवा. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या १७ लाखांवर उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तोवर कित्येकांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले होते. त्या वापरकर्त्यांमध्ये खोटं कुणीच नव्हतं. अशा यंत्रणा उद्या आपणच बांधणार आहोत. मॅनेज केलेल्या रीडिंगवर त्या उभ्या राहिल्या, तर गर्दीच्या दिवशी त्या आपल्याला मॅनेज करतील!

त्या अपूर्ण रिपोर्टने आमचे मार्क वाढले की कापले गेले, ते अजून कळलेलं नाही. पण ओरलला विचारलेल्या एकाही आकड्यावर आम्हाला एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.